हॅम रेडिओमुळे शेजारच्या घरात येणारा व्यत्यय: लक्षणे, तपासणीचा क्रम आणि थांबायचे कुठे

लक्षणे

हॅम म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ संच चालवणारा. त्याचे प्रक्षेपण सुरू असताना स्वतःच्या किंवा शेजारच्या घरातले एखादे उपकरण बिघडल्यासारखे वागते आणि प्रक्षेपण थांबताच ते आपोआप ताळ्यावर येते, हे या समस्येचे मुख्य लक्षण आहे. सर्वांत जास्त तक्रारी आवाजाच्या असतात. होम थिएटर, संगणकाचे स्पीकर, सोसायटीचा इंटरकॉम, देवळातला ॲम्प्लिफायर यांतून आपले बोलणे ऐकू येऊ लागते. एसएसबी (सिंगल साइडबँड) या पद्धतीने बोलत असल्यास तो आवाज चिरका आणि शब्द न कळणारा असतो. मोर्सवर असल्यास संकेत पाठवण्याच्या चावीच्या तालात टकटक ऐकू येते. एफएमवर असल्यास बोलणे सहसा ऐकू येत नाही, फक्त पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचे बटण) दाबताना आणि सोडताना ‘टक्’ असा आवाज होतो किंवा स्पीकरची घरघर बदलते. तक्रारदार आवाजाचे जे वर्णन करतो ते म्हणूनच नीट ऐकून घ्यावे, कारण आपल्या कोणत्या प्रक्षेपणाचा तो परिणाम आहे हे उपकरण न पाहताही त्यावरून बरेचसे कळते.

आवाजाखेरीजची लक्षणे अलीकडे वाढली आहेत, कारण घरातल्या साध्या वस्तूंतही आता इलेक्ट्रॉनिक सर्किट बसलेले असते. रिमोटवर चालणारा बीएलडीसी पंखा मध्येच वेग बदलतो किंवा थांबतो. टचचे स्विचबोर्ड कोणी हात न लावता चालू-बंद होतात. एलईडी दिवे बोलण्याच्या तालात मिणमिणतात. दारावरची वायरलेस बेल वाजते आणि बाहेर कोणी नसते. ब्रॉडबँडचा राउटर रीस्टार्ट होतो, सेट टॉप बॉक्सवरचे चित्र गोठते, सीसीटीव्हीच्या चित्रात आडव्या पट्ट्या येतात. गच्चीवरच्या टाकीचा ऑटोमॅटिक कंट्रोलर टाकी भरलेली असतानाही पंप सुरू करतो. आरसीसीबी (गळतीचा प्रवाह आढळताच वीज तोडणारा सुरक्षा स्विच) कारण नसताना पडतो, ही यांतली सर्वांत त्रासदायक तक्रार, कारण त्याने अख्ख्या घराची वीज जाते.

काही तक्रारी मात्र हॅमच्या नावावर जमा होतात, पण त्याच्या नसतात. स्पीकरजवळ ठेवलेल्या मोबाइलमुळे कॉल येण्याच्या जरा आधी जी टर्र-टर्र ऐकू येते ती मोबाइलचीच असते. दिवसभर सतत येणारी घरघर, पावसात डिशचे चित्र जाणे, रोज ठरावीक वेळी इंटरनेट मंदावणे यांचा आपल्या पीटीटीशी संबंध नसतो. गच्चीवर अँटेना दिसतो म्हणून संशय आपल्यावर येतो, हे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच पहिली तपासणी संशयाचा निकाल लावण्यासाठी करायची असते.

दोष बहुधा कुठे असतो

सिडकोतल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांपासून गंगापूर रोडवरच्या उंच इमारतींपर्यंत नाशिकमध्ये हा दोष शोधण्याचे काम मी अनेकदा केले आहे आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. रेडिओ संच अशुद्ध सिग्नल देतो म्हणून व्यत्यय येतो, असे क्वचितच आढळते. बहुतेक वेळा संच चांगला असतो, वारंवारता परवान्यातली असते, शक्तीही मर्यादेत असते. पण त्याची ऊर्जा जिथे वाहायला नको अशा तारांवरून वाहत असते. एकीकडे ती आपल्याच कोॲक्सच्या (संच आणि अँटेना जोडणाऱ्या जाळीदार केबलच्या) बाहेरच्या पृष्ठभागावरून घरात परत येते, आणि दुसरीकडे शेजाऱ्याच्या स्पीकरच्या, केबलच्या व विजेच्या तारा नकळत अँटेनाचे काम करून ती उपकरणात नेतात. उपाय शोधायचा तो या दोन जागी.

थोडा हिशेब केला तर हे पटते. अर्धतरंग डायपोलची (अर्ध्या तरंगाइतक्या लांब, मधोमध जोडणी दिलेल्या तारेच्या अँटेनाची) क्षेत्रतीव्रता, म्हणजे एखाद्या जागी लहर किती जोरदार आहे ते, काढण्याचे ढोबळ सूत्र असे आहे की वॅटमधील शक्तीच्या वर्गमुळाला ७ ने गुणावे आणि मीटरमधील अंतराने भागावे. १०० वॅट शक्ती आणि १० मीटर अंतर धरल्यास उत्तर ७ व्होल्ट प्रति मीटर येते. २० मीटरवर ते साडेतीन होते. घरगुती उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकांत बाहेरच्या रेडिओ लहरींना उपकरण कितपत दाद देत नाही हे तपासताना सर्वसाधारणपणे ३ व्होल्ट प्रति मीटर ही पातळी धरतात, आणि तीही ८० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींसाठी. त्याखालच्या वारंवारतांना उपकरणाच्या तारांवरच ३ व्होल्टचा सिग्नल देऊन पाहतात. म्हणजे शेजारच्या गॅलरीपासून १० मीटरवर आपला डायपोल असेल तर मानकाप्रमाणे बनवलेल्या उपकरणालाही त्याच्या परीक्षेपेक्षा कठीण प्रसंगाला तोंड द्यावे लागते. त्यात तारेच्या लांबीची भर पडते. ७.१ मेगाहर्ट्झचा पाव तरंग सुमारे साडेदहा मीटर लांब असतो, आणि इमारतीच्या डक्टमधून खालच्या मजल्यावरून गच्चीपर्यंत गेलेली केबल किंवा टाकीच्या कंट्रोलरची वायर नेमकी तेवढ्याच आसपास भरते. अशी तार ४० मीटर बँडवरचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) सिग्नल उत्तम पकडते, आणि त्याच घरात २० मीटर बँडवर (१४ मेगाहर्ट्झच्या आसपास) काहीच होत नाही याचे कारणही बहुधा हेच असते.

वही आणि घड्याळ

व्यत्यय खरेच आपल्या प्रक्षेपणाने येतो का हे वही आणि घड्याळाने पडताळायला एक पैसा लागत नाही आणि तरीही हीच तपासणी सर्वाधिक वेळा टाळली जाते. तारीख, भारतीय वेळ, वारंवारता, मोड (एसएसबी, मोर्स की एफएम), शक्ती आणि कोणता अँटेना, एवढे आपल्या लॉगमध्ये नोंदवावे. तक्रारदाराकडे साधा कागद द्यावा. त्यांच्याशी बोलताना बचावाचा सूर नको. “काका, उद्या संध्याकाळी सातपासून अर्धा तास होम थिएटर सुरू ठेवाल का? मी मध्येमध्ये रेडिओ चालू-बंद करणार आहे. केव्हा ते मुद्दामच सांगत नाही. आवाज आला की घड्याळ पाहून फक्त वेळ लिहून ठेवा,” एवढे पुरते. वेळ आधी सांगितली तर त्या वेळेला काहीतरी ऐकू आल्याचा भास होतो आणि चाचणी निकामी ठरते. चाचणीसाठी केलेले प्रक्षेपणही वारंवारता मोकळी असल्याची खात्री करून आणि आपला कॉलसाइन (परवान्यातले ओळखनाव) देऊनच करावे.

दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की वेळा जुळतात किंवा जुळत नाहीत. जुळल्या तर कोणत्या बँडवर आणि किती शक्तीला, हेही त्याच कागदावर आलेले असते. जुळल्या नाहीत तर तक्रारदाराने स्वतः लिहिलेल्या वेळा त्याच्यासमोर असतात आणि वाद उरत नाही.

आधी स्वतःचे घर

अँटेनाच्या सर्वांत जवळची उपकरणे बहुधा आपलीच असतात. आपला टीव्ही, राउटर, पंखे आणि दिवे पूर्ण शक्तीवर स्वच्छ चालत असतील तर आपल्या स्टेशनची बाजू बरीच भक्कम आहे असे समजावे आणि शेजाऱ्याच्या उपकरणाकडे लक्ष वळवावे. आपल्याच घरात व्यत्यय असेल तर शेजारी जाण्याआधी तो पूर्ण घालवावा, कारण तिथे हवे तेव्हा हवे ते सोडून-जोडून पाहता येते आणि तेच उपाय पुढे शेजारी उपयोगी पडतात.

शक्ती आणि माइक गेन

पुढची तपासणी संचाच्या बटणांची. शक्ती १०० वॅटवरून २५ वर आणली की क्षेत्रतीव्रता निम्मी होते, कारण ती शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. ऐकणाऱ्या स्टेशनला मात्र हा फरक ६ डेसिबलचा, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या त्याच्या मीटरवर साधारण एका घराचा (एस-युनिटचा) दिसतो. संध्याकाळी ४० मीटर बँडवर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात बोलण्यासाठी २५ वॅट पुष्कळदा पुरतात, आणि तेवढ्यावर शेजारचा स्पीकर गप्प बसत असेल तर इतर उपाय पूर्ण होईपर्यंत ही तडजोड स्वीकारावी. शक्ती कमी करून व्यत्यय हळूहळू न घटता एका पातळीला एकदम नाहीसा होतो का, हेही पाहावे. तसे होत असल्यास उपकरणाचे सर्किट सिग्नलच्या जोराने भारावून जात आहे आणि थोडासा उतार मिळाला तरी काम भागणार आहे.

माइक गेन (माइकचा आवाज वाढवण्याचे बटण) आणि स्पीच प्रोसेसर (बोलणे ठळक करणारे सर्किट) यांचाही याच वेळी विचार करावा. एएलसीची (सिग्नल आपोआप मर्यादेत ठेवणाऱ्या सर्किटची) सुई सतत टोकाला असेल तर सिग्नल आजूबाजूच्या वारंवारतांवर पसरतो. त्याचा त्रास शेजाऱ्यापेक्षा बँडवरच्या इतर हॅमना अधिक होतो, पण एसएसबीच्या बोलण्याने पंखे किंवा दिवे बिघडत असतील तर गेन उतरवल्याने तिथेही फरक पडलेला दिसतो. संचाला वीजपुरवठा १३.८ व्होल्टचा मिळतो का, आणि प्रक्षेपणात तो खाली घसरतो का, हे मल्टिमीटरने पाहून ठेवावे. पुरवठा अपुरा पडला की चांगला संचही विकृत सिग्नल देतो.

डमी लोड

आता दोष अँटेनाच्या बाजूला आहे की संचाच्या, हे ठरवायचे. अँटेनाची कोॲक्स काढून त्या जागी आपल्या शक्तीला पुरेल असा ५० ओहमचा डमी लोड (शक्ती हवेत न सोडता उष्णतेत जिरवणारा रोध) आखूड कोॲक्सने जोडावा आणि तीच चाचणी पुन्हा करावी. डमी लोड विकत घ्यायलाच हवा असे नाही, जवळच्या हॅमकडून एका संध्याकाळपुरता मिळतो. तो तापतो, म्हणून प्रक्षेपण थोडक्यात आटोपावे.

व्यत्यय गेला तर संच, त्याचा डबा आणि त्याची वीजजोडणी यांना निर्दोष मानून पुढे अँटेना व फीडलाइनकडे (संचापासून अँटेनापर्यंतच्या कोॲक्सकडे) जावे. व्यत्यय राहिला तर ऊर्जा विजेच्या वायरमधून किंवा संचाच्या डब्यातून बाहेर पडत आहे. अशा वेळी संच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहावा. बॅटरीवर व्यत्यय थांबत असेल तर मार्ग विजेच्या वायरचा आहे, आणि पॉवर सप्लायच्या दोन्ही बाजूंच्या वायरींना फेराइट (नको तो रेडिओ प्रवाह अडवणारा चुंबकीय पदार्थाचा मणी किंवा कडे) बसवणे हा उपाय आहे. अर्थिंगची पिन काढून व्यत्यय कमी झाला असे सांगणारे लोक भेटतात. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. कोणत्याही चाचणीसाठी, क्षणभरासाठीसुद्धा ती काढू नये.

जोड

सर्व कनेक्टर उघडून पाहावेत. पीएल-२५९ कनेक्टरमध्ये कोॲक्सची जाळी नीट डाख न मारता नुसती दाबून बसवलेली असते आणि वर्षभराने सैल होते. गच्चीवरच्या कनेक्टरमध्ये पावसाचे पाणी शिरले की जाळी काळी पडते. तेवढा तुकडा कापून टाकावा, तो पुसून उपयोग नसतो. जोड सैल असला की बाहेरच्या पृष्ठभागावर प्रवाह जाण्यास वाट मिळते, आणि काळवंडलेला जोड स्वतःच नको त्या वारंवारता निर्माण करू शकतो.

फीडलाइनवरचा चोक

या टप्प्यावर सर्वाधिक तक्रारी मिटतात, म्हणून इथे घाई करू नये.

कोॲक्समधला प्रवाह मधल्या तारेवरून आणि जाळीच्या आतल्या पृष्ठभागावरून वाहायला हवा. अँटेना दोन्ही बाजूंनी सारखा नसला की काही प्रवाह जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर उतरतो आणि मग खोलीपर्यंत येणारी संपूर्ण कोॲक्स प्रक्षेपण करू लागते. गच्चीवर जागा कमी म्हणून आपल्याकडे एका टोकाला फीड (कोॲक्सची जोडणी) दिलेल्या तारा किंवा एक हात टाकीला व दुसरा कठड्याला बांधलेले तिरके डायपोल सर्रास असतात, आणि त्यांत हा दोष हटकून आढळतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. कोॲक्सला हात लावला किंवा ती थोडी हलवली की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते हे दाखवणारे प्रमाण) बदलतो. माइकच्या धातूला ओठ लागला की चटका बसतो. संगणकाचा माउस प्रक्षेपणात अडकतो. यांपैकी काहीही होत असेल तर फीडलाइनच अँटेना झालेली आहे. आणि ही फीडलाइन शेजाऱ्याच्या भिंतीवरून, त्याच्या केबलला चिकटून खाली उतरत असते, त्यामुळे वर गच्चीत अँटेना कितीही उंच नेला तरी त्रास कमी होत नाही.

उपाय म्हणजे अँटेनाच्या फीड पॉइंटलाच चोक, म्हणजे जाळीच्या बाहेरचा प्रवाह अडवणारी गुंडाळी, बसवणे, ज्याला हॅम मंडळी १:१ करंट बॅलन म्हणतात. ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचा, सुमारे ६१ मिलिमीटर बाहेरील व्यासाचा फेराइट टोरॉइड (कडे) घ्यावा आणि त्यावर आरजी-५८ कोॲक्सचे साधारण १२ फेरे द्यावेत. ४० मीटर बँडवर असा चोक बाहेरच्या प्रवाहाला काही हजार ओहमचा विरोध करतो आणि आतल्या सिग्नलला हातही लावत नाही. आत जाणारे आणि बाहेर येणारे टोक एकमेकांपासून दूर ठेवावे, नाहीतर प्रवाह चोकला वळसा घालून जातो. दुसरा तसाच चोक कोॲक्स खोलीत शिरते तिथे बसवला तर गच्चीपासून खाली येताना तारेने जे पकडले असेल तेही दारातच अडते. एका टोकाला फीड दिलेल्या अर्धतरंग तारेत टोकाच्या जुळवणी ट्रान्सफॉर्मरला लागूनच चोक बसवला तर अँटेनाला परतीचा मार्ग उरत नाही आणि एसडब्ल्यूआर बिघडतो. तिथे दीड-दोन मीटरची काउंटरपॉइझ (परतीच्या प्रवाहासाठीची) तार स्वतंत्र जोडून मगच चोक द्यावा.

फेराइटच्या बाबतीत दोन गोष्टी समजून घेतल्या तर पैसे वाया जात नाहीत. पहिली, विरोध फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एकच फेरा असलेला क्लिपचा मणी ७ मेगाहर्ट्झला काही दशक ओहमच देतो, त्यामुळे कोॲक्सवर असे दोन-तीन मणी अडकवून काहीच फरक पडला नाही म्हणून फेराइटला नावे ठेवणे बरोबर नाही. त्याच तारेचे पाच फेरे मोठ्या टोरॉइडवर दिले तर साधारण पंचवीस पट परिणाम मिळतो. दुसरी, जुन्या संगणकाच्या एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायमधून) निघणारा पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा टोरॉइड फेराइटचा नसून लोहचूर्णाचा असतो आणि या कामाला निरुपयोगी असतो. मिश्रणाचा क्रमांक विचारूनच टोरॉइड घ्यावा. ३१ क्रमांक लघुलहरींच्या (३० मेगाहर्ट्झपर्यंतच्या) सर्व बँडना चालतो, ४३ क्रमांक वरच्या बँडना अधिक मानवतो, ६१ क्रमांक २०० मेगाहर्ट्झच्या वर कामाचा आहे. नाशिकमध्ये क्रमांक सांगून माल मिळणे कठीण जाते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खात्रीचा दुकानदार असल्यास तिथून किंवा ऑनलाइन मागवावा. बसवल्यावर काही मिनिटे प्रक्षेपण करून, ते थांबवल्यानंतर टोरॉइडला हात लावून पाहावा. तो गरम लागत असेल तर बाहेरचा प्रवाह फार मोठा आहे आणि आधी अँटेनाचा असमतोल दुरुस्त करायला हवा.

शेजाऱ्याच्या उपकरणाला फेराइट

आपल्या बाजूचे काम पूर्ण झाल्यावर आणि शेजाऱ्याची संमती घेऊनच त्यांच्या उपकरणाकडे जावे. नियम एकच: बाहेरून जे जोडता आणि काढता येते तेवढेच करायचे, उपकरण उघडायचे नाही.

होम थिएटरच्या मागच्या सर्व वायरी काढाव्यात आणि फक्त स्पीकर व वीज एवढेच जोडून ऐकावे. मग एकेक वायर जोडत जावे. ज्या वायरीने आवाज परत येतो ती अँटेनाचे काम करत आहे. तिला उपकरणाच्या अगदी जवळ टोरॉइडवर आठ-दहा फेरे द्यावेत. दोन्ही तारा एकत्रच गुंडाळायच्या, वेगवेगळ्या नव्हे, नाहीतर स्पीकरकडे जाणारा आवाजही अडेल. स्पीकरच्या वायरी गरजेपेक्षा लांब असल्यास आखूड कराव्यात. गणेशोत्सवात मंडपाच्या ॲम्प्लिफायरच्या लाउडस्पीकरपर्यंत गेलेल्या लांबलचक वायरींबाबत हेच लागू आहे, पण तिथे दहा दिवसांसाठी फेराइट बसवत बसण्यापेक्षा आरतीच्या वेळा विचारून त्या वेळी प्रक्षेपण बंद ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

राउटरच्या बाबतीत फायबरमधून रेडिओ सिग्नल शिरत नाही. तो शिरतो ॲडॉप्टरच्या आणि लॅनच्या वायरीतून. दोन्हींना फेराइट द्यावे आणि ॲडॉप्टर हलक्या प्रतीचा असेल तर बदलून पाहावा. त्याचा एक आनुषंगिक लाभ असा की तोच ॲडॉप्टर आपल्या रिसीव्हरमध्ये जो गोंगाट सोडत असतो तोही कमी होतो, कारण चोक दोन्ही दिशांना काम करतो. डिशची गोष्ट थोडी निराळी आहे. डिशकडून सेट टॉप बॉक्सकडे येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो आणि लघुलहरींपासून फार दूर असतो, त्यामुळे तिथे संशय आधी ॲडॉप्टरवर आणि एचडीएमआय केबलवर घ्यावा. केबल टीव्हीच्या वाहिन्या मात्र आपल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या बँडला मध्ये घेऊन पसरलेल्या असतात, आणि केबलवरून इंटरनेट घेतले असेल तर त्याचा परतीचा मार्ग लघुलहरींच्याच पट्ट्यात असतो. केबल बंदिस्त असल्याने एरवी केबलचे आणि आपले सिग्नल एकत्र नांदतात. जोड सैल झाला किंवा स्प्लिटरचे तोंड उघडे राहिले की एकमेकांत मिसळतात. हे जोड केबलवाल्याकडूनच घट्ट करून घ्यावेत.

टाकीच्या कंट्रोलरची वायर गच्चीपासून तळमजल्यापर्यंत जाते, त्यामुळे तो लवकर बिघडतो. सेन्सरच्या वायरीला कंट्रोलरच्या टोकाला फेराइट दिल्यावर तो बहुधा सुधारतो, पण डब्यात २३० व्होल्ट असल्याने झाकण उघडण्याचे काम इलेक्ट्रिशियनचे आहे.

अँटेनाची जागा आणि उंची

इथून पुढे मेहनत आणि खर्च वाढतो. अंतर दुप्पट झाले की क्षेत्रतीव्रता निम्मी होते, म्हणजे अँटेना शेजारच्या गॅलरीपासून १० मीटरवरून २० मीटरवर नेणे आणि शक्ती १०० वॅटवरून २५ करणे यांचा परिणाम सारखाच, आणि यात दूरच्या स्टेशनचे काही बिघडत नाही. डायपोलची टोके सर्वांत त्रासदायक असतात, कारण तिथे व्होल्टेज सर्वाधिक असते. निदान टोके तरी शेजारच्या खिडकीपासून आणि केबलच्या जुडग्यापासून दूर न्यावीत. तार शेजारच्या लांब केबलला समांतर असेल तर ती काटकोनात वळवून पाहावी. मास्ट उभा करताना तो कोणत्याही दिशेला पडला तरी विजेच्या तारेला लागणार नाही एवढे अंतर असलेच पाहिजे. नसेल तर ती जागा सोडून द्यावी.

फिल्टर

लो-पास फिल्टर हा पुष्कळ जण पहिला उपाय म्हणून विकत घेतात. तो इतक्या खाली ठेवण्याचे कारण असे की तो फक्त संचातून निघणाऱ्या वरच्या हार्मोनिकना (मूळ वारंवारतेच्या पटीतल्या नको त्या लहरींना) अडवतो. शेजारचा स्पीकर आपल्या मूळ ७ किंवा १४ मेगाहर्ट्झच्या सिग्नलनेच बोलत असेल, आणि बहुधा तसेच असते, तर फिल्टर लावून काहीही बदलत नाही. चांगल्या कंपनीच्या आधुनिक संचात असे फिल्टर आधीच बसवलेले असतात. घरी बांधलेला ट्रान्समीटर, जुना ॲम्प्लिफायर किंवा अगदी स्वस्त हँडहेल्ड (हातात धरायचा संच) वापरत असल्यास मात्र शंका घ्यायला जागा आहे. एखाद्या एका वाहिनीवर किंवा एफएम रेडिओच्या एकाच ठिकाणी व्यत्यय येत असेल तर आकडेमोड करून पाहावी: १४.२ मेगाहर्ट्झचा सातवा हार्मोनिक ९९.४ वर, २१.३ चा पाचवा १०६.५ वर येतो. १४४.६४ च्या तिपटीवर ४३३.९२ मेगाहर्ट्झ येते, आणि अनेक गाड्यांच्या चाव्या व वायरलेस बेल नेमक्या त्याच वारंवारतेवर चालतात. पार्किंगमध्ये उभे राहून त्या वारंवारतेवर स्वस्त हँडहेल्डवरून बोलल्यास शेजारची गाडी रिमोटला दाद देत नाही, ती यामुळे.

लघुलहरींच्या संचाला फिल्टर लावायचा तर ३० मेगाहर्ट्झवर तुटणारा घ्यावा आणि एसडब्ल्यूआर मीटर व ट्यूनर (संचाशी अँटेना जुळवणारे उपकरण) यांच्या मध्ये बसवावा. मीटरमधले डायोड स्वतः थोडे हार्मोनिक निर्माण करू शकतात म्हणून तो मीटरनंतर, आणि फिल्टरला ५० ओहम दिसले तरच तो नीट चालतो म्हणून ट्यूनरच्या आधी.

गंजलेले जोड

सर्वांत कठीण दोष असा असतो जो कोणाच्याच उपकरणात नसतो. गच्चीवरचा गंजका पत्रा, रेलिंगचा सुटत आलेला जोड, बंद पडलेल्या डिशचा क्लॅम्प, कपडे वाळत घालायची तार: दोन गंजलेले धातू सैलसे टेकले की ते डायोडसारखे वागतात, आपला स्वच्छ सिग्नल पकडतात आणि त्याचे हार्मोनिक करून परत सोडतात. ओळख अशी की व्यत्यय हवामानाप्रमाणे बदलतो. जून ते सप्टेंबर ओलावा असताना तो नाहीसा होतो आणि थंडीत कोरड्या हवेत परत येतो, किंवा याच्या उलट. वाऱ्याने तो खरखरत येतो-जातो. मदतनिसाने कमी शक्तीवर प्रक्षेपण करावे आणि आपण लाकडी काठीने गच्चीवरचा एकेक जोड हलवत शेजारी ठेवलेल्या रिसीव्हरवर ऐकावे. सापडलेला जोड एकतर घासून पक्का आवळावा किंवा मध्ये रबर घालून पूर्ण वेगळा करावा. वापरात नसलेल्या डिश आणि लोंबत्या केबली सोसायटीला विचारून उतरवून टाकल्या तर निम्मे संशयित आपोआप कमी होतात.

थांबायचे कुठे

आरसीसीबी पडत असेल तर आपला भाग शक्ती कमी करण्यापर्यंत आणि अँटेना दूर नेण्यापर्यंत आहे. वितरण पेटी उघडणे, आरसीसीबी बदलणे किंवा तो वगळून जोडणी करणे हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे. वगळण्याची कल्पना तर कोणाच्याही तोंडून आली तरी नाकारावी. स्टेशनची अर्थिंग आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक यांचेही तसेच. नाशिकच्या काळ्या पाषाणात अर्थिंगचा खड्डा पुरेसा खोल नेणे कठीण असते, उन्हाळ्यात जमीन सुकली की त्याचा रोध वाढतो, आणि वळवाच्या विजा नेमक्या त्याच दिवसांत पडतात. अर्थिंगचा रोध मीटरने मोजून घ्यावा लागतो.

उलट बाजूने, आपल्या रिसीव्हरमध्येच सतत करकर येत असेल आणि ती विजेच्या खांबाजवळ वाढत असेल तर खांबाला हात लावू नये, तो ठोकून पाहू नये. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे.

लिफ्टचा कंट्रोलर, आगीचा अलार्म किंवा सोसायटीचा सौर इन्व्हर्टर प्रक्षेपणाने बिघडत असेल तर त्याच दिवशी त्या बँडवरचे काम थांबवावे आणि देखभाल करणाऱ्या कंपनीला लेखी कळवावे. तिथे फेराइट बसवून पाहण्याचा प्रयोग आपण करायचा नाही. विमान, पोलिस किंवा अग्निशमन सेवेच्या संपर्कात आपल्यामुळे अडथळा येत असल्याची सूचना आली तर प्रक्षेपण तत्काळ बंद करावे. हौशी (हॅम) रेडिओ सेवेच्या १९७८ च्या नियमांपासून इतर सेवांना बाधा न पोहोचवण्याची जबाबदारी परवानाधारकावर आहे, आणि दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन व समन्वय) शाखेशी पत्रव्यवहार करावा लागल्यास कोणत्या तारखेला कोणती तपासणी केली याची नोंद सोबत जोडावी.

शेजारी कोणी ऑक्सिजन काँसंट्रेटर, घरचा व्हेंटिलेटर किंवा पेसमेकर वापरत असेल तर वरचा क्रम लागूच होत नाही. तिथे आधी प्रक्षेपण बंद करायचे, मग उपकरणाच्या उत्पादकाला आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारायचे, आणि त्यांचे लेखी उत्तर येईपर्यंत घरून प्रक्षेपण न करता बॅटरीवरचा संच घेऊन वस्तीबाहेर मोकळ्या जागेतून, परवान्यातल्या अटी तपासून, काम करायचे.